गोटीचे टेबल आणि बाकीची मालमत्ता

गेल्या रविवारी माझा भाचा प्रणव मनोरहून एका सजावटकाराला घेऊन आला आणि मी समोर खुर्चीत बसलेली असताना त्या गृहस्थाने माझ्या पिनबॉलच्या मशीनला टेप लावला. हायवेवरच्या प्रणवच्या रिसॉर्टमध्ये ते दाराशी शोभेल, आतले सगळे काढून त्यात रंगीत मासे सोडता येतील, असे मला सांगण्यात आले. मी नाही म्हटले. त्यावर प्रणव म्हणाला, "आत्या, तुझ्या मागे हे कोण चालवणार, ते तरी सांग."

प्रश्न उद्धट होता, पण चुकीचा नव्हता. त्याचे उत्तर म्हणून हे मृत्युपत्र करत आहे.

मी, हेमांगी यशवंत चुरी, वय एकाहत्तर, अविवाहित, रसायनशास्त्राची पदवीधर, निवृत्त केमिस्ट, राहणार तारापूर, जिल्हा पालघर, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. ज्यांना याबद्दल शंका आहे त्यांना ती माझ्या तरुणपणापासूनच आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवले तर खोटे समजावे. अंमलबजावणी पालघरच्या वकील दीपालीबाई करतील. त्यांनी मसुद्यातली अवांतर वाक्ये गाळायला सांगितली होती. ती गाळलेली नाहीत.

१. राहते घर आणि मागची चिकूची वाडी प्रणवला. त्याच्या आजोबांनी लावलेली आहे, त्यालाच जावी. वाडीत तंबू ठोकून पाहुणे उतरवू नयेत.

२. बँकेतील ठेवी प्रणवची मुलगी किंजल हिला, शिक्षणासाठी. शिक्षण संपायच्या आत लग्न ठरल्यास ठेव मोडू नये, लग्न मोडावे.

३. वाडीतली पत्र्याची शेड शेजारच्या सुलूला, तिच्या कोंबड्यांसह वापरायला. त्या कोंबड्या माझ्या प्रकल्पाच्या विस्थापित आहेत. कसे, ते पुढच्या कलमात येईल. प्रणवने त्यांना हुसकू नये.

४. पिनबॉलचे मशीन. काचेखालची पोलादी गोटी फटकावत घंटा वाजवायच्या आणि गुण मिळवायचे, असा हा खेळ. याला आमच्या कारखान्यात गोटीचे टेबल म्हणत. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत रंगाचा एक कारखाना होता, आता नाही. तिथल्या प्रयोगशाळेत मी लागले तेव्हा हे टेबल पुरुषांच्या करमणुकीच्या खोलीत होते. मालकांनी कुठल्याशा मोडीत निघालेल्या क्लबातून आणलेले. जेवणाच्या सुट्टीत त्याच्या घंटा मला भिंतीपलीकडून ऐकू येत. त्या खोलीत बाईने जायची पद्धत नव्हती. दसऱ्याला मात्र यंत्रांची पूजा असे आणि सगळी दारे उघडी असत. हळदकुंकू लावायचे काम माझ्याकडे. गोटीच्या टेबलाला लावायला मी सर्वांत जास्त वेळ घेई आणि तेवढ्यात एक डाव खेळून घेई. वर्षातून एक. निवृत्तीच्या समारंभात भिंतीवरचे घड्याळ देऊ लागले, तेव्हा मी टेबल मागितले. बंद पडलेले होते, म्हणून आनंदाने दिले.

आई अंथरुणाला खिळलेली होती, त्यामुळे ते बरीच वर्षे शेडमध्ये पडून राहिले. आई गेल्यावर वरची तुटकी काच बाजूला केली, तर आत सुलूची कोंबडी अंड्यांवर बसलेली. सुलू म्हणाली, "बाय, पिलं फुटंपर्यंत थांबा. तवर काय बिघडनार हाय?" थांबले.

सुलूचे यजमान धर्माजी राऊत डाय कोरतात. दागिन्याची नक्षी पत्र्यावर उमटवायला सोनाराला पोलादी ठसा लागतो, तो डाय. आमच्या भागात हा धंदा घरोघरी आहे. ठशावर नक्षी उलटी कोरायची, म्हणजे पत्र्यावर ती सुलटी येते. आपल्यासारखा हात तालुक्यात नाही, हे धर्माजी स्वतःच सांगतात आणि पाहुणा विसरला तर पुन्हा सांगतात. पिले फुटल्यावर मी आणि ते असे दोघांनी मिळून मशीन उघडले. जळलेल्या कॉइल सालवडला मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून गुंडाळून आणल्या. रबराच्या रिंगा मी कुकरच्या गास्केटमधून कापल्या, त्या पहिल्याच फटक्याला तुटल्या. मग मासेमारीच्या बोटींच्या इंजिनाला लागतात त्या रिंगा धर्माजींनी आणल्या. हे त्यांनी अजून सांगणे थांबवलेले नाही. गुण दाखवणाऱ्या चाकांवरचे आकडे कोंबड्यांनी नाहीसे केले होते. धर्माजींनी नवी पितळी चाके केली आणि माझ्या आग्रहावरून त्यांवर मराठी आकडे कोरले.

वीज जोडली. दिवे लागले, सगळी चाके फिरून शून्यावर उभी राहिली. आम्ही नारळ फोडला, पेढे वाटले. मग मी पहिली गोटी मारली. घंटा वाजली, चाक फिरले आणि जो आकडा आला तो कोणत्याच लिपीतला नव्हता. धर्माजींनी हाताच्या सवयीने सगळे आकडे उलटे कोरले होते. शून्य दोन्हीकडून सारखेच, त्यामुळे पेढे संपेपर्यंत कोणाच्या लक्षात आले नाही.

हे पहिलीतल्या मुलालाही कळले असते, असे मी म्हटले. ते म्हणाले, "जल्मभर उलटा कोरला तेवा कोन काय बोलला नाय. सुलटा पायजे होता तर आदी सांगायचा."

त्यानंतर अख्खा पावसाळा आम्ही बोललो नाही. निरोप सुलूमार्फत जात. तिने अखेर कंटाळून दोघांनाही सांगितले की पुढचा निरोप कोंबडीच्या पायाला बांधून पाठवा.

दिवाळीच्या सुमारास धर्माजी आले, ते चूक कबूल करायला नव्हे, खेळायला. तडजोड अशी झाली की आकडे तसेच राहतील आणि वाचायचे काम त्यांचे. उलटा आकडा त्यांना सुलट्यासारखाच दिसतो, मी अडखळते. तेव्हापासून रोज संध्याकाळी आम्ही खेळतो. ते दोघांचेही गुण वाचतात आणि बहुतेक वेळा मी जिंकते. याचा मला अभिमान होता.

यंदा गणपतीत मी सहज पर्समधला आरसा चाकांसमोर धरला. ते माझे गुण वाढवून वाचत होते आणि स्वतःचे कमी करून. हे केव्हापासून चालले आहे ते मी विचारलेले नाही आणि विचारणार नाही. आरसा पर्समध्ये ठेवला आणि कोण जिंकले ते विचारले. "तुमीच की," म्हणाले.

हा माझ्या खेळाचा अपमान आहे आणि तो मी विसरणार नाही. याची शिक्षा म्हणून सदरहू मशीन मी धर्माजी राऊत यांना देत आहे. त्यांनी ते चालू ठेवावे, आकडे सुधारू नयेत, आत मासे सोडू नयेत. प्रणवला तिथे जाऊन खेळायची मुभा आहे. त्याचे गुण मात्र असतील तसे वाचावेत.

५. माझे दिवस घालताना मी कशी प्रेमळ होते अशी भाषणे करू नयेत. ऐकणाऱ्यांना हसू येईल.

६. एक खुलासा. साक्षीदार म्हणून बोलावले नाही याचे धर्माजींनी फार मनाला लावून घेतले आहे. जुन्या भांडणाचा राग मी अजून धरला आहे, असे त्यांनी सुलूला सांगितले, आणि गेले चार दिवस ते कुंपणाकडे पाठ करून कोरत बसले आहेत. ज्याला काही मिळायचे असते त्याने साक्ष करायची नसते. पण हे कारण सांगितले असते तर कलम चार फुटले असते. आज सह्या झाल्यावर हे त्यांना वाचून दाखवण्यात येईल.

७. मृत्युपत्र माणूस मेल्यावर चालते. तोवर मशीन माझ्याकडे राहिले तर टेप पुन्हा येईल. शिवाय माझ्या मागे ते कोण चालवणार, हे मला माझ्या समोरच पाहायचे आहे. म्हणून मशीनचा ताबा आजच देत आहे. मग कलम चारची गरज काय, असे दीपालीबाई विचारतात. असू द्यावे. ते लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोनदा वाचला आणि साक्षीदारांच्या देखत खाली सही केली.

(सही) हेमांगी यशवंत चुरी

साक्षीदार, दोघांनीही माझ्या देखत सह्या केल्या:
(सही) रूपल देसाई, औषधांचे दुकान, तारापूर
(सही) नामदेव पाटील, निवृत्त पोस्टमास्तर, तारापूर

स्थळ: तारापूर
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५

ताब्याची नोंद

पिनबॉलचे मशीन एक, चालू स्थितीत. किल्ली एक. सुट्या रबरी रिंगा आणि एक जादा गोटी. मशीन फाटकातून वळेना, म्हणून मधले कुंपण थोडे तोडून पलीकडे नेले. सुलूच्या ओटीवर ठेवून वीज जोडली, चारही पाय समपातळीत आणले. ताबा धर्माजी राऊत यांनी घेतला. त्यांना कलम चार वाचून दाखवले. मग त्यांनी पेन मागितले.

घेणाऱ्याचा शेरा, त्यांच्याच हातचा: मशीन मिळाला. चालू हाय. पन खेळनारी बाय तिकडंच राहिली. ती रोज संध्याकाळी इकडं पाठवावी, नायतर मशीन परत.

देणारीचा शेरा: अट वाचली. मान्य आहे. कुंपणाची तोडलेली जागा बुजवू नये.