एक ते नऊचा मॅट्रिक्स

अंबड, १० डिसेंबर २००६

चि. नीला,

आशीर्वाद. (रागात असलो तरी थोरल्या भावाला ते द्यावेच लागतात.) तुझी सर्दी आता बरी असेल. इकडे सगळे ठीक, फक्त माझं डोकं ठिकाणावर नाही, आणि त्याला कारण तू पुण्याहून फोनवर सांगितलेली ती मॅट्रिक्सची गणितं सोडवणारी वेबसाइट.

झालं असं की, बारावीच्या चाचणीत मी एका मॅट्रिक्सचा इन्व्हर्स काढायला सांगितला. पोरांना सोपं जावं म्हणून एक ते नऊ आकडेच ओळीने तीन रांगांत मांडले (याहून दयाळू मास्तर कुठं मिळेल?). आशामती नावाच्या मुलीने तीन पानं भरून शेवटी लिहिलं, 'याचा इन्व्हर्स निघत नाही.' मी शून्य दिलं आणि शेजारी लाल शाईने 'आळस' असं लिहिलं. तिसऱ्या दिवशी तिची आई, गोजरबाई, स्टाफरूमच्या दारात उभी. "सर, पोरगी धड जेवंना. गणित सोडते म्हणून राह्यली. तीन पानं लिव्हली तिनं, तुम्ही वाचली का?"

वाचली नव्हती. पण तसं सांगतो कोण? म्हटलं, चला, कॉम्प्युटरच सांगेल. बाईंना घेऊन मच्छिंद्रच्या सायबर कॅफेत गेलो, नऊ आकडे भरले. उत्तर आलं: डिटरमिनंट शून्य, इन्व्हर्स नाही. पुन्हा भरले, तेच. तिसऱ्यांदा एकेक आकडा मोठ्याने म्हणत भरला, तरी तेच. मी मच्छिंद्रला म्हणालो, तुझं मशीन बिघडलंय. तो जागचा न हलता म्हणाला, "मशीन बराबर हाय, सर. डिटरमिनंट शून्य आलं की इन्व्हर्स नसतो, हे तुम्हीच शिकवल्तं. मी मागच्या बाकावर बसायचो, तरी ध्यानात राह्यलं."

गोजरबाईंनी विचारलं, "काय म्हणून राह्यलं मशीन?" मी म्हणालो, लाइन स्लो आहे.

असल्या आगाऊ वेबसाइटी यापुढे मला सांगत जाऊ नकोस.

तुझ्यावर बिलकुल खूश नसलेला,
गिरिधरदादा

ता. क. घरी येऊन हाताने करून पाहिलं. शून्यच येतं. काल वर्गात उभं राहून चूक कबूल केली, आशामतीला पूर्ण गुण दिले. तिने फक्त ती तीन पानं पुन्हा माझ्या हातात ठेवली. या खेपेला वाचली.

आणखी एक. हे गणित मी अकरा वर्षं चाचणीत देतोय. तू माझ्या वर्गात होतीस तेव्हाही होतं, आणि तुझं उत्तर माझ्या वहीतल्या उत्तराशी तंतोतंत जुळलं म्हणून मी पैकीच्या पैकी दिले होते. जे उत्तर मुळात नाहीच, ते तू कुठून आणलंस, तेवढं उलट टपाली कळव.