शंभरातले दोघे

१४ मार्च, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. दोन वर्षांनी माझं अक्षर पाहून आधी दचकशील, मग वहिनीला हाक मारशील, हे मला इथे बसून दिसतंय. मी मजेत आहे. खोली तिसऱ्या मजल्यावर, वारा खेळता. मावशीकडून कळलं, तुझ्या चिमणीचे पुढचे दात पडले. फोटो पाठव.

आधी कामाचं सांगते. आमच्या कंपनीने दवाखान्यांसाठी तपासणीची वेळ घेण्याचं सॉफ्टवेअर केलंय. लोकांच्या हाती जाण्याआधी ते दमवून बघायचं, हे माझं काम. संगणकातच पाच हजार खोटी माणसं तयार करायची, एकदम सर्व्हरवर सोडायची आणि कोण किती ताटकळलं ते मोजायचं.

सरासरी निघाली एक सेकंद. साहेब खूश. "झालं तर! कर सही."

पण शंभरातल्या दोघांना चाळीस सेकंद लागत होते.

"अगं, दोघांसाठी अठ्ठ्याण्णवांना थांबवायचं?"

"साहेब, ते दोघं गप्प बसत नाहीत. पुन्हा पुन्हा बटण दाबतात, रांग वाढते, मग अठ्ठ्याण्णवही अडकतात."

"हे तुला कसं ठाऊक?"

 दादा, याचं खरं उत्तर मी तुलाही कधी दिलेलं नाही.

तू मित्राकडे शब्द टाकून मला त्याच्या कंपनीत नोकरी लावलीस. मी 'कंटाळा आला' म्हणून सोडली आणि तुला खाली बघायला लावलं. कंटाळा कसला! तिथेही दवाखान्यांचंच सॉफ्टवेअर होतं आणि आकडे असेच निघाले होते. घाई होती. मी फक्त सरासरी लिहिली आणि सही ठोकली. पहिल्याच सकाळी सगळं आडवं झालं. म्हातारी माणसं दवाखान्याच्या दारात उन्हात उभी राहिली. ठपका आला सर्व्हर सांभाळणाऱ्यावर. उंच म्हणून आम्ही त्याला उंट म्हणायचो. त्याला काढलं. मी ब्रही काढला नाही. महिनाभर त्याची रिकामी खुर्ची बघितली आणि पळाले.

हे सगळं साहेबांना सांगितलं. म्हटलं, आता आपलीही गच्छंती. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"किती दिवस हवेत?"

"चार."

तिसऱ्या दिवशी मेख सापडली. काम उरकल्यावरही सॉफ्टवेअर माहितीच्या साठ्याशी असलेली जोडणी लगेच सोडत नव्हतं, त्यामुळे मागचे खोळंबत होते. ते सुधारलं. पुन्हा पाच हजार सोडले. सगळ्यात मागे राहिलेल्यालाही दोनच सेकंद लागले, तेव्हा कुठे सही केली. सोमवारी सकाळी आठला खरी माणसं आली. आमच्या माना पडद्याकडे. नऊ वाजले, दहा वाजले, काही बंद पडलं नाही. साहेब म्हणाले, "आता श्वास घ्यायला हरकत नाही."

त्याच दुपारी उंटाला फोन लावला, सगळं कबूल केलं. तो म्हणाला, "मला तेव्हाच माहीत होतं. तू कधी बोलतेस, एवढंच बघत होतो." माफ केलं असं काही म्हणाला नाही. "तिथल्या मालकांना लिहून दे," एवढंच म्हणाला.

काल लिहून टपालात टाकलं. म्हणजे उद्या-परवा ते तुझ्या मित्राच्या हाती पडेल. त्याच्या तोंडून ऐकण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र.

रागाव, दादा. दोन वर्षं उगाच भलत्या कारणासाठी रागावलास, आता खऱ्या कारणासाठी रागाव. मी कुठे पळणार नाही.

तुझी, कधी नव्हे ते हलकी झालेली,
धाकटी