ताटातली सुपारी

प्रिय प्रज्ञा,

उद्या सकाळी तुझ्या पीएचडीच्या मॅडमना फोन करायचा आहे आणि आज माझं कशातच लक्ष लागत नाही. आमटीत दोनदा मीठ पडलं. म्हणून म्हटलं, आधी तुझ्याशीच बोलावं.

काल त्यांचाच फोन आला होता. तू गेल्यावर मागे राहिलेलं तुझं संशोधन त्या तुझ्या नावानं छापायला पाठवतायत. मला किती बरं वाटलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "शेवटचं सॅम्पल मात्र घेत नाही. त्यात मोठे कण दिसतात, धूळ गेली होती. आजारपणात तिचे हात थरथरायचे ना." मी "बरं" म्हटलं. तेव्हापासून ते "बरं" टोचतंय.

मला हे सगळं तू बोर्लीच्या घरी, ओटीवर बसून समजावलं होतंस. ताटात पांढरे वाटाणे एका थरात पसरलेस आणि ताट हलवत राहिलीस. वाटाणे आपोआप ओळीत बसले, एकेकाभोवती सहा. "माझे कण पाण्यात, दोन काचांमध्ये असेच बसतात. फक्त नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत," म्हणालीस. मग मध्ये एक सुपारी ठेवलीस. आता कुणाभोवती पाच, कुणाभोवती सात, आणि ओळी पार कडेपर्यंत वाकड्या. एका परक्या दाण्यानं किती लांबपर्यंत बिघडतं, तेच तुला मोजायचं होतं.

तू पाणी प्यायला उठलीस, तेवढ्यात आईनं सुपारी उचलून डब्यात टाकली.

"आये, मुद्दाम ठेवली होती ती."

"मला काय म्हाईत? वाटाण्यात सुपारी कोन ठेवतं व्हय?"

"आता माझी पीएचडीपण निवडून ठेव."

किती हसलो होतो आपण.

मॅडमही तेच करतायत का गं? तू शेवटची घरी आलीस तेव्हा, आगरदांड्याहून दिघीला येताना, बोटीच्या कठड्याला टेकून म्हणाली होतीस, "या वेळी मोठे कण मुद्दाम घातलेत ताई, काचेला पक्के चिकटवलेत. बघू किती मोडतं." असं मला आठवतं. पण खरंच म्हणालीस? की ताटापाशी ऐकलेलं ते "मुद्दाम" मीच बोटीवर नेऊन ठेवलं? इंजिनाचा आवाज होता, वारा होता. तुझ्या थरथरत्या हातांनी काम बिघडलं, हे मला सोसत नाही म्हणून तर मी हे रचत नाही ना? आणि तू एवढी काटेकोर, या एका सॅम्पलबद्दल कुठेच कसं काही लिहिलं नाहीस?

दुपारी वाटाणे निवडायला बसले. एक खडा निघाला, एक काडी, मातीची ढेकळं. एकाचं माप दुसऱ्याला नाही. तिथेच हात थांबला. धूळ कधी एका मापाची असते का? तू घातलेले कण मात्र सारखे असतील.

आईनं विचारलं, "कोनाला फोन करायचाय?" मी सांगितलं. वाटाण्यांकडे बघत ती म्हणाली, "सांग त्यांना, माझ्यावानी घाई करू नका म्हनावं."

उद्या बोटीवरचं बोलणं त्यांना सांगेन, माझ्या शंकेसकट. आणि विचारीन, ते मोठे कण एका मापाचे आहेत का, एकदा बघाल? लहानमोठे निघाले तर धूळ होती हे मी मान्य करीन. तुझ्यासाठीसुद्धा खोटं बोलणार नाही. पण बघितल्याशिवाय तुझं काही कुणाला निवडून टाकू देणार नाही, हा शब्द.

वाटाणे तसेच ठेवून उठलेली,
तुझी ताई