पत्रांखालची सही

४ जून, रविवार
उपासनेनंतर पाळकसाहेबांनी कागद वाटले. वर छापलेलं: देवानं तुम्हाला कोणतं कृपादान दिलं आहे? नणंदेनं लगेच 'गायन' लिहिलं. पाळकसाहेब म्हणाले, "बाई, गळा हा उपजत गुण. कृपादान दुसऱ्यांसाठी मिळतं."
"मग मी काय मोरीत एकटीसाठी गाते?"
सगळे हसले. मी कागद कोराच पिशवीत टाकला.

७ जून
पाळकसाहेब घरी आले. नवीन आहेत, ह्यांना त्यांनी पाहिलेलं नाही. म्हणाले, "तुमच्या घरून आलेल्या पत्रांनी फार धीर दिला, असं मंडळी सांगते. तुमच्या यजमानांना सांत्वनाचं दान असणार." कुणाकडे माणूस गेलं की ह्यांचं पत्र जायचं. ह्यांना जाऊन अठराला वर्ष होईल. त्या दिवशी ती पत्रं वाचायची आणि मी दोन शब्द बोलायचे. मी 'बघते' म्हटलं.

९ जून
इथे तरी खरं लिहिते. ती पत्रं माझी आहेत.
हे दुकानांच्या पाट्या रंगवायचे. अक्षर देखणं, पण पत्राला बसले की 'प्रिय'च्या पुढे गाडी हलायची नाही. मी इस्त्री करता करता सांगायची, हे उतरवायचे. मला तेव्हा अक्षरओळख नव्हती. माझं सांगून झालं तरी ह्यांचा हात चालूच. काय लिहिता एवढं? "सही गं. पाटीखाली रंगाऱ्याची सही असतेच."
चौदा वर्षं नाव ह्यांचं झालं. ज्यांना पत्र गेलं त्या बायका माझे हात धरून रडायच्या. मला वाटायचं, ह्यांचे आभार माझ्यापाशी ठेवून जातात.
शेवटच्या आठवड्यात हे म्हणाले, "आता माझ्यासाठी काहीतरी सांग की."
मी म्हटलं, "लिहून घ्यायला कोण आहे?"
मग ह्यांचं अंग पुसलं, चादर बदलली. त्यावर पुन्हा बोलणं नाही.

१० जून
ते वाक्य परत घेता येत नाही.

१३ जून
इस्पितळाच्या धुलाईत आज दोनशे चादरी. घड्या घालताना मुकादमीणबाईला सगळं सांगितलं.
"तेव्हाच तोंड उघडायचंस. आता गेलेल्याशी भांडतेस?"
"भांडत नाही. माझं ते मागते."
"नवरा मागितला असतास तर समजले असते. पत्रं कसली मागतेस?"
मी चादरीचं माझ्याकडचं टोक सोडलं. तिनं एकटीनं घडी घातली.

१५ जून
मी पत्रांतून लोकांना सांगायची, गेलेल्या माणसाची खुर्ची लगेच हलवू नका, तिची सवय सुटायला वेळ लागतो. ह्यांची खुर्ची मी दुसऱ्याच दिवशी हलवली. मला मेलीला दुसऱ्यांच्या घरचं सुचतं, माझ्या घरचं नाही. पाळकसाहेब म्हणतात तसं हेच का दान? मग फार कडू आहे.
ठरलं. रविवारी उभी राहून सांगणार, शब्द माझे होते.

१७ जून, शनिवार
पाळकसाहेबांनी लोकांकडून जमवलेली नऊ पत्रं पाकिटात पाठवली. सोबत चिठ्ठी: मी उघडलेली नाहीत, आधी तुम्ही पाहा. लिहायवाचायला मी हे गेल्यावर शिकले, ह्यांनीच रंगवलेल्या पाट्यांखाली उभी राहून. पाटीवरचं अक्षर सुटं, पत्रातलं जोडून. वेळ लागणार. सकाळी बघेन.

१८ जून, रविवार
नऊही वाचली. शब्द न् शब्द माझा. आणि प्रत्येकाच्या शेवटी, सहीच्या वर, बारीक अक्षरात: 'हे सगळं माझ्या बायकोनं सांगितलं. मला फक्त अक्षर काढता येतं.'
ज्यांना ज्यांना पत्र गेलं, त्या सगळ्यांनी हे वाचलं होतं. मला वाचता येत नव्हतं.