मुहूर्ताचा भोंगा

जठारपेठ, अकोला
२ नोव्हेंबर १९६४

प्रिय रहीम,

तुझं पत्र मिळालं. भोकं पाडलेल्या कार्डांवर चालणारी ती मोजदादीची मशिनं तू दुरुस्त करतोस, हे मी आपल्या कापसाच्या जिनात सगळ्यांना सांगत सुटलो. कुणाला पटेना. कपाशीच्या धुळीत खोकणारा आपला अब्दुल रहीम मिस्त्री मुंबईत थंडगार खोलीत बसतो म्हणे!

लोक म्हणतात, तू पगारासाठी गेलास. डोंबल! पगारच हवा असता तर खामगावच्या जिनवाल्याला दोनदा नाही म्हणाला असतास का? हंगामाच्या पहिल्या दिवशी भोंग्याची दोरी मिस्त्रीनंच ओढायची, ही आपल्या जिनाची रीत. आठ वर्षं ती तुझ्या हातात होती. भोंगा झाला की तुझी अम्मी, बिस्मिल्लाबी, दारात येऊन शेजारणींना सांगायची, ‘मेरा रहीम बोल रहा है.’ मग नवव्या साली मालकांनी, खुशालरावांनी, दोरी शिकून आलेल्या भाच्याच्या हाती दिली. तू टाळ्या वाजवल्यास, पाने पुसून हत्यारांच्या पेटीत ठेवलेस आणि चौथ्या दिवशी गाडी धरलीस. भाचा वर्षभरात कंटाळून गेला. दोरी माझ्याकडे आली.

तू गेल्यावर भोंगा झाला की अम्मी दार लावून घ्यायची. गेल्या साली ती गेली तेव्हा तार करून, तुझी वाट पाहून शेवटी आम्हीच माती दिली. तुझ्या जागी खांदा मी दिला, रहीम. तेव्हा तुला खरं काय ते लिहायला बसलो होतो, पण धीर झाला नाही.

परवा खुशालराव वारले. आजारात मी पाय चेपायला बसलो की म्हणायचे, ‘जानराव, त्यानं निरोपाले जबाबही देल्ला नाई. लय मानी माणूस!’ कोणता निरोप, ते तुला ठाऊकच नाही. तू निघालास त्या सकाळी त्यांनी मला स्टेशनवर धाडलं होतं. ‘त्याले सांग, माह्यं चुकलं. दोरी त्याचीच हाय, वापस ये म्हना.’ मी आलो, तुला भाकरीची शिदोरी दिली, गळ्यात पडून रडलो आणि निरोप गिळला. तू गेलास तरच तुझ्या हाताखालचा मी मिस्त्री होणार होतो. बायकोच्या दुखण्यापायी मी तुझ्यासोबत मुंबईला न येता इथं राहिलो, असं तुला सांगत आलो, ती थाप होती. पंधरा दिवसांनी हंगाम सुरू होतोय आणि मालकीणबाई मला म्हणतात, यंदाही दोरी तूच ओढ. माझ्याच्यानं होत नाही रे. शिव्या घालायला का होईना, एकदा ये.

तुझाच म्हणवायला लाजणारा,
जानराव