माझी अस्वलाची बंदूक कोणाकडे जायची

मी, सुप्रभा श्रीनिवास सरनाईक, राहणार वॉटफर्ड, वय एकाहत्तर, शिक्षण मराठी सातवी, डोकं ठिकाणावर, डोळे चष्म्यासकट उत्तम, हात अजिबात थरथरत नाही, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहिते. कोणी धाक घातलेला नाही. घालून बघावा. सॉलिसिटर ह्याचं इंग्रजी करून देणार आहे, त्याच्यावरही सही करीन. पण घरच्यांनी वाचायचं ते हे.

कारण एकच. माझ्यामागे माझ्या रायफलीचं काय करायचं ह्यावर घरात भांडण आहे. मुलगा अतुल म्हणतो, "आई, तू गेलीस की दुसऱ्या दिवशी ती पोलिसात जमा." मी म्हणते, ती अतुलच्या मुलीला, माझ्या नातीला, मीनलला मिळेल. अतुलला वाटतं, मी मेल्यावर त्याचंच चालणार. म्हणून हा कागद.

एक. घर अतुलला. विकायचं तर वीक, उगाच गळा काढू नको. ब्रॅकनेलच्या ऑफिसातून इथे यायला तुला जिवंत आईसाठी वेळ होत नाही, रिकाम्या घरासाठी कुठून होणार?

दोन. बिल्डिंग सोसायटीतले, म्हणजे इथल्या बचत बँकेतले, पैसे अतुल आणि मीनलला निम्मे निम्मे. पाटल्या आणि मोहनमाळ सून मंजिरीला. मंजिरी पक्की शाकाहारी. इतक्या वर्षांत मला एकदाही उलट बोलली नाही, फक्त माझ्या फ्रीजला हात लावला नाही. दोन्हीबद्दल तिचा मान ठेवते. शेजारचे श्रीकांत आणि अनुराधा साक्षीला सह्या करणार आहेत. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असा इथला कायदा आहे, म्हणून लिंबाच्या लोणच्याच्या बरण्या त्यांना आज सकाळीच पोचवल्या.

तीन. पुढच्या खोलीतलं अस्वलाचं कातडं. आपल्या मराठी मंडळाच्या राजीवने मला गणपतीच्या प्रसादाला हात लावू नका म्हणून सांगितलं होतं, का तर मी शिकार करते. बरं. पण त्याचा नातू झोपेत दचकायला लागला, तेव्हा हाच राजीव मागच्या दाराने आला. "वहिनी, एक केस मिळेल का? ताईतात घालायला."

मी म्हटलं, "का हो, गावाकडच्या दरवेशाला बोलवायचं ना, अस्वल घेऊन."

"थट्टा करू नका वहिनी."

दिला केस. वर सांगितलं, पोराला संध्याकाळी भुताचे व्हिडिओ दाखवायचे बंद करा. पोरगं बरं झालं, आणि नाव केसाचं झालं. तेव्हापासून निम्मं वॉटफर्ड येऊन केस उपटून गेलंय, कातड्याला एका बाजूने टक्कल पडलंय. हे कातडं मी मंडळाला देते. हॉलमध्ये पसरा आणि येईल त्याला केस द्या. पैसे घ्यायचे नाहीत.

चार. म्हातारीला हे खूळ कुठून लागलं असं विचारणाऱ्यांसाठी. माझे वडील चांद्याकडे फॉरेस्ट गार्ड होते. मोहाची फुलं पडायची तेव्हा झाडाखाली अस्वलं यायची आणि वडील मला बरोबर न्यायचे. अस्वलाला दिसतं कमी, पण नाक आणि कान तिखट. वारा आपल्या तोंडावर घ्यायचा, बांगड्या वर सारून फडक्याने बांधायच्या, हे मी सातवीच्या आधी शिकले.

मग लग्न, मग इथे येऊन छापखान्यात नोकरी. नवरा गेल्यावर कॅनडात भावाकडे, शशिधरकडे गेले. त्याची जंगलात एक केबिन आहे. त्याचे मित्र पिंपात शिळे डोनट टाकायचे आणि वर मचाणावर बिअर पीत बसायचे. अस्वल आलं की ठो. ही काय शिकार झाली? हे तर जेवायला बोलावून मारणं. मी शशिधरला म्हटलं, "एक रायफल दे आणि तुझे हे बाराती घरी ने." तेव्हापासून दर सप्टेंबरात मी जाते. एकटी. दोघं असले की बोलतात, आणि बोलणाऱ्याला जंगल काही ऐकू येऊ देत नाही. काही वर्षी अस्वल मिळालं, काही वर्षी नुसतं चालून आले. मिळालं त्याचं मटण काळा मसाला घालून खाल्लं, वाया घालवलं नाही.

इथे स्वतःची रायफल घेतली तेव्हा ती ठेवायचं कुलुपाचं कपाट बघायला पोलीस आला. म्हणाला, "मिस्टर सरनाईक आहेत का?"

"फोटोत आहेत."

"मग रायफल कोणाची?"

"माझी."

"कशासाठी, मॅडम?"

"अस्वलासाठी."

"वॉटफर्डमध्ये?"

"इथे असती तर विमानाचं तिकीट वाचलं नसतं का?"

हसला, आणि सर्टिफिकेट मिळालं.

पाच. सुरी, होकायंत्र, बूट आणि केबिनमधली माझी भांडी मीनलला. बूट तिला मोठे होतील, दोन मोजे घालावे. मी तिकडेच गेले तर तिकडेच जाळा. पेटी विमानात घालून आणायची नाही. शशिधर सगळं करील, त्याला सांगून ठेवलंय.

सहा. रायफल. आता नीट वाचा.

मागच्या सप्टेंबरात मीनल माझ्याबरोबर होती. अतुल, तुला वाटलं ती बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलातून रजा काढून शशीमामाकडे आराम करायला गेली. मीच तसं सांगितलं. खरं सांगितलं असतं तर तू तिच्या दारात आडवा पडला असतास.

तिने रीतसर परवाना काढला. सकाळी ओढ्यापलीकडे एक मोठं अस्वल बेरी खात होतं. नेम मीनलचा. बार निघता निघता अस्वल वळलं आणि गोळी मागे, पोटात लागली. अस्वल झाडीत शिरलं. मी उठायला गेले तर ओल्या ओंडक्यावरून पाय सटकला, घोटा मुरगळला, उभीच राहता येईना.

जखमी जनावर सोडून यायचं नाही, हा नियम मीच तिला शिकवलेला. पण नात ती नात. मी म्हटलं, "मला आधार दे, केबिनवर जाऊ. शशी माणसं घेऊन येईल."

ती म्हणाली, "आजी, तो अस्वल माझ्यामुळे दुखतोय. मी जाते."

"एकटी नको."

"तू पण एकटीच जाते ना?"

मी वारा कुठून आहे तेवढं बोटाने दाखवलं.

ती झाडी अशी की पुढे केलेला हात दिसत नाही. जखमी अस्वल तिथे पळत नाही, वळून वाट बघत बसतं. मी ओंडक्याला टेकून ऐकत होते. माझ्या जिवाची मला जंगलात कधी भीती वाटली नाही. त्या दिवशी तिच्या जिवाची वाटली. खूप वेळाने एक बार ऐकू आला. एकच. त्यानंतर सगळं चिडीचूप.

मग मीनल चालत आली. पळत नाही, चालत. जॅकेटची बाही खांद्यापासून फाटलेली, अंगावर ओरखडा नाही, रायफल रिकामी करून हातात. शेजारी बसली. म्हणाली, "चहा उरलाय का?" प्यायली. मग म्हणाली, "बाबाला सांगू नको."

तर अतुल, मी जिवंत असेपर्यंत नाही सांगितलं.

रायफल मीनलची. तिने स्वतःचं सर्टिफिकेट काढलंय, कागद पुरे आहेत, तुझ्या परवानगीची गरज नाही. ती एकटी जाईल. "निदान सोबतीला कोणी तरी" हे तू मला दरवर्षी म्हणालास, तिला म्हणायचं नाही. केबिनच्या वाटेवर कोणाला तिच्या मागावरही पाठवायचं नाही.

मी गेल्यावर रायफल बंदुकांच्या डीलरच्या दुकानात ठेवली जाईल. ती आणायला मीनलबरोबर तू जायचंस, गाडी तू चालवायचीस. दुकानात एक शब्द बोलू नको. परत येताना मोटरवेला लागलात की तिला विचार, त्या झाडीत काय झालं. मध्ये तोंड घालू नको, ओरडू नको. मला त्याच दिवशी ती सांगायला लागली होती, तोंड उघडलंही होतं तिने. मी म्हटलं, आधी घोटा बांध.

ते पहिल्यांदा तिच्या बापाने ऐकायचं.

सही: सुप्रभा श्रीनिवास सरनाईक

आम्हा दोघांच्या देखत बाईंनी सही केली. आधी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं आणि आम्हाला मध्ये बोलू दिलं नाही.
साक्षीदार: श्रीकांत महाजनी, शेजारी
साक्षीदार: अनुराधा महाजनी, शेजारी

वॉटफर्ड, ता. १६ एप्रिल १९९४