ओळीत आलेले ट्रॅक्टर

प्रिय शिवे,

तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून हे पत्र पालमला तुझ्या सासरी पाठवतेय. फाडशील, पण वाचूनच फाडशील. तुझ्या भोचकपणावर माझा पूर्ण विश्वास आहे.

गावातले बैल जाऊन यंत्रं आली, त्याचे फोटो मी कधीची काढतेय. ताडकळसच्या शाळेत एका बाकावर बसायचो आपण. माझ्या कॅमेऱ्याचं कौतुक तुलाच. दिवाळीला माहेरी आलीस नि सकाळीच तुझा फोन, "सुके, आमच्या शेतातल्या आखाड्यावरनं लय ट्रॅक्टर निघायलेत, फोटो काढाय ये!" मी पळतच आले. ट्रॅक्टर एका ओळीत, मागं धुळीचा लोट, पुढच्यावर तुझा हरिओमभैय्या. पूर्वी इर्जिकीला गावाच्या बैलजोड्या मिळून एकाच्या रानात जायच्या, तसलंच काही असेल असं वाटलं. मी खुळी, खूश होऊन फोटो काढत सुटले.

ते गायरानात वळले तेव्हा कळलं. बोंडं फुटलेल्या आमच्या पऱ्हाटीवर त्यांनी रोटाव्हेटर घातला. आम्ही बौद्धवाड्यातली माणसं आजोबांपासून ते गायरान कसतो, हे तुमच्या घराला कायम सलत आलं. माझा सिद्धोधनदादा नुसता समोर उभा राहिला. हरिओमनं उतरून त्याच्या डोक्यात लोखंडी टॉमी घातली. दादा पडल्यावरही घालत राहिला. कापसावर रक्त उडालं. माझा कॅमेरा चालूच होता, तेही फोटोत आलं. दादा दवाखान्यापर्यंत पोचलाच नाही. हरिओमचं नाव निघालं की अजून माझे हात शिवशिवतात, शिवे.

आता तुमचा वकील म्हणतो, असले फोटो हल्ली कंप्युटर बनवतो. सिद्धोधन दारू पिऊन ट्रॅक्टरखाली आला. ज्यानं जन्मात सुपारी खाल्ली नाही, त्याला मेल्यावर दारू पाजली! आमची साक्ष म्हणे घरचीच.

पण फोटोच्या कडेला तू आहेस. अनवाणी, पदर सुटलेला, भावाचा हात धरायला धावतेस. तुला आधी काही ठाऊक नव्हतं, असं मी आईला रोज सांगते. तुझं तोंड उघडं आहे. "भैय्या, मरल रे त्यो!" हे मी ऐकलं, फोटोत ते उमटत नाही. तुला कोर्टाचं समन्स येईल. त्याआधी माझं पत्र पोचावं म्हणून लिहिलं. परभणीला ये आणि तेवढंच सांग. तुझा भाऊ जाईल, मला कळतं. माझा गेला आहे.

अजून तरी तुझीच,
सुकेशनी